डोंगरातली हिमगाडी

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे जोसेफ-आर्मां बोंबार्दिये हा तरुण १९२६ पासून मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवीत असे. त्या भागातले रस्ते हिवाळ्यात हिमाखाली गाडले जात. मोटारी घरासमोर उभ्या राहत आणि घोड्याने ओढायच्या घसरगाडीखेरीज प्रवासाला दुसरे साधन उरत नसे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. हिमातून वाट काढून रुग्णालय गाठील असे वाहन त्या वेळी नव्हते. मूल दगावले. हिमावर धावणारी गाडी बनवण्याचे बोंबार्दियेचे प्रयोग त्याआधीच, पोरवयापासून चालू होते. या घटनेनंतर ते त्याने अधिक चिकाटीने पुढे नेले. दातेरी चाकाभोवती फिरणाऱ्या रबरी ट्रॅकच्या रचनेचे पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळाले. आरंभीच्या त्याच्या गाड्या अनेक प्रवासी बसतील अशा मोठ्या होत्या. एक-दोन माणसांनी बसायची, मोटारसायकलसारखी हॅन्डलने वळवायची 'स्की-डू' ही हलकी गाडी १९५९ मध्ये आली. तिलाच आज जग स्नोमोबाईल म्हणते. मराठीत तिला हिमगाडी म्हणता येईल.

हे वाहन एका मिस्त्रीच्या हातून घडले, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. हिमात गाडी कुठे अडते, का अडते, हे दुरुस्ती करणाऱ्यालाच आधी कळते. आजही हिमगाडी विकत घेणे हे पैशाचे काम असले, तरी ती चालती ठेवणे हे मात्र जाणकारीचे काम आहे.

भारतात हे वाहन थोड्याच ठिकाणी दिसते. काश्मीरमधल्या गुलमर्गला पर्यटक तिच्यावरून फेरफटका मारतात. सियाचीनच्या हिमनदीवर भारतीय सैन्य तिचा उपयोग माणसे आणि सामान नेण्यासाठी करते; सैनिक तिला 'स्नो स्कूटर' म्हणतात. कॅनडा आणि अमेरिकेतील रॉकी पर्वतात मात्र तिचा एक वेगळाच प्रकार विकसित झाला आहे. सपाट, दाबून तयार केलेल्या वाटेवरून नव्हे, तर ताज्या, भुसभुशीत हिमाने भरलेल्या उभ्या चढावरून जाणारी ही डोंगरी हिमगाडी होय. तिची निगा आणि दुरुस्ती हाच या लेखाचा विषय आहे.

डोंगरी हिमगाडीची ओळख तिच्या ट्रॅकवरून पटते. सपाट वाटेवरच्या गाडीचा ट्रॅक साधारणपणे १२० ते १३७ इंच घेराचा असतो. डोंगरी गाडीचा १५४, १६५ इंच, कधी त्याहूनही लांब असतो. त्यावर अडीच ते तीन इंच उंचीचे रबरी दाते असतात. हे दाते वल्ह्यासारखे हिम मागे ढकलतात आणि गाडी पुढे सरकते. लांब ट्रॅकमुळे वजन पसरते. गाडी, स्वार आणि सामान मिळून तीनशे किलो धरले, तरी ट्रॅकच्या टेकलेल्या भागावर एका चौरस सेंटीमीटरला पन्नास ग्रॅमच्या आसपासच भार येतो, असा ढोबळ हिशेब निघतो. उभ्या असलेल्या माणसाच्या बुटांखाली याच्या सुमारे तिप्पट भार पडतो. म्हणून गाडी जेथून सहज जाते, तेथे स्वार खाली उतरला की कमरेपर्यंत रुततो. दुरुस्तीच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. बिघडलेली गाडी डोंगरात ढकलत आणता येत नाही आणि तिच्या मालकाला चालतही परतता येत नाही.

प्रथमदर्शनी असे वाटते की एवढ्या थंडीत चालणाऱ्या यंत्राला उष्णतेची भीती कशाला? पण हिमगाडीचे बहुतेक मोठे बिघाड उष्णतेनेच होतात. तिच्या इंजिनापुढे मोटारीसारखा वारा खाणारा रेडिएटर सहसा नसतो. ट्रॅकच्या वर, पालथ्या पन्हळीसारखे ॲल्युमिनियमचे जे आवरण असते, त्याला टनेल म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूने पोकळ पट्ट्या बसवलेल्या असतात व इंजिन थंड करणारे पाणीमिश्रित कूलंट त्यांतून फिरते. ट्रॅक फिरू लागला की हिम उडून या पट्ट्यांवर आदळते, वितळते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. ट्रॅकच्या आत जे दोन लांब रूळ असतात, त्यांच्या खालच्या कडेला प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. ट्रॅकच्या लोखंडी क्लिपा या पट्ट्यांवरून घासत जातात. तेथे तेल नसते, ग्रीस नसते. वंगणाचे काम हिमच करते. म्हणजे ज्या हिमातून गाडी वाट काढते, तेच हिम तिचे पाणी आहे आणि तेच तिचे तेल आहे.

यावरून अनेक गोष्टी आपोआप उलगडतात. ताज्या हिमात दिवसभर धावलेली गाडी संध्याकाळी गावात परतताना, कडक झालेल्या बर्फाळ रस्त्यावर तापते. कारण तेथे उडायला हिमच नसते. प्लास्टिकच्या पट्ट्या अशा वेळी वितळून क्लिपांना चिकटू लागतात. यावर उपाय म्हणून रुळांना किंवा स्कींना तारेचे दोन टोकदार आकडे लावलेले असतात. ते खाली सोडले की कडक बर्फ खरवडतात आणि त्याचा भुगा ट्रॅकवर उडतो. दिसायला क्षुल्लक असलेले हे आकडे वाकले अथवा तुटले, तर हजारो रुपयांचे इंजिन धोक्यात येते. निघण्यापूर्वी त्यांना हात लावून पाहण्याची सवय म्हणूनच असावी. प्लास्टिकच्या पट्ट्यांवर झिजेची मर्यादा दाखवणारी रेघ असते. झीज त्या रेघेपर्यंत पोहोचली की पट्टी बदलायची. आणखी एक गोष्ट म्हणजे गाडी एका जागी उभी ठेवून इंजिन फार वेळ चालू ठेवू नये. ट्रॅक थांबलेला असला की हिम उडत नाही, आणि बाहेर उणे वीस अंश तापमान असले तरी कूलंट तापत राहते.

याच्या उलट बाजूचा बिघाडही तितकाच घातक असतो. पहाटेच्या गारठ्यात इंजिन चालू करून लगेच पूर्ण रेस दिली, तर पिस्टन झपाट्याने तापून फुगतो. सिलिंडर मात्र गार कूलंटमुळे आखडलेलाच राहतो. दोहोंमधली केसाएवढी फट नाहीशी होते आणि पिस्टन जॅम होतो. कूलंट कोमट होईपर्यंत इंजिन संथ चालू द्यावे, मग काही अंतर हळू चालवावे, हाच त्यावरचा उपाय. घाईत असलेल्या माणसाला ही पाच मिनिटे फार मोठी वाटतात.

डोंगरी गाडीचे इंजिन बहुधा दोन सिलिंडरचे, सहाशे ते साडेआठशे सीसीचे टू-स्ट्रोक असते. एकेकाळी आपल्याकडे घरोघरी असलेल्या स्कूटर आणि रस्त्यावरच्या रिक्षा याच पद्धतीच्या होत्या. पेट्रोलपंपावर पेट्रोलमध्ये मापाने तेल घालून घेणारी माणसे जुन्या पिढीला नक्की आठवतील. टू-स्ट्रोक इंजिन हलके असते आणि वजनाच्या मानाने ताकद जास्त देते, म्हणून डोंगरात ते टिकून राहिले आहे. हिमगाडीत तेलाची टाकी वेगळी असते आणि एक छोटा पंप लागेल तेवढे तेल इंजिनात सोडतो. पेट्रोल भरताना दर वेळी तेलाची पातळी पाहिली पाहिजे. तेल संपले तर गाडी फार काळ साथ देत नाही. ती थेट बंद पडते.

उंचीचा प्रश्न यापुढचा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. गुलमर्गचे पठारच सुमारे २६५० मीटरवर आहे. तीन हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असते आणि चार हजार मीटरवर ती दोन तृतीयांशावर येते. इंजिन पेट्रोल जाळते ते हवेच्या आधाराने. हवा कमी झाली की ताकदही त्याच प्रमाणात घटते. पण खरी अडचण ताकद कमी होण्यात नाही. मिश्रण बिघडण्यात आहे. कार्बोरेटर असलेल्या जुन्या गाडीत पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून येते. उंचावर तेवढ्याच पेट्रोलसाठी हवा अपुरी पडते, धूर काळा होतो, प्लग ओला होतो. म्हणून तेथे लहान छिद्राचा जेट बसवतात. पुढे तीच गाडी दरीत उतरली, तेथे हवा दाट आणि थंडी कडक असली, की लहान जेटमधून पेट्रोल कमी पडते. मिश्रण पातळ होते, इंजिन अधिक तापते आणि पिस्टनच्या माथ्याला अक्षरशः भोक पडते. उंचावर जाताना केलेला बदल उतरताना परत न करणे, या एका विसराळूपणाने पुष्कळ इंजिने निकामी झालेली आहेत.

नव्या गाड्यांत हवेचा दाब आणि तापमान मोजून संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो, त्यामुळे जेट बदलण्याची कटकट उरलेली नाही. तरीही प्लग काढून पाहण्याची जुनी रीत सोडून देण्याचे कारण नाही. त्याच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी असला तर इंजिन ठीक आहे. काळा व ओलसर असला तर पेट्रोल किंवा तेल जास्त होत आहे. पांढुरका, भाजल्यासारखा असला तर मिश्रण पातळ आहे आणि पुढे जाण्यापूर्वी कारण शोधलेच पाहिजे. नव्या इंजिनांत तापमान आणि दोष दाखवणारे पडदे आले आहेत. पण पडदा दोष झाल्यावर बोलतो, प्लग बहुधा थोडा आधी बोलतो.

इंजिनाची ताकद ट्रॅकपर्यंत कशी पोहोचते, हे समजून घेतल्याशिवाय हिमगाडीची दुरुस्ती समजत नाही. येथे शहरातल्या वाचकाला एक ओळखीची वस्तू भेटेल. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या, गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये जे तत्त्व आहे, तेच हिमगाडीत आहे. दोन पुली असतात आणि त्यांवरून रबरी बेल्ट फिरतो. प्रत्येक पुली दोन शंकूंच्या आकाराच्या तबकड्यांची बनलेली असते. पुढची पुली इंजिनाला जोडलेली असते. इंजिन वेगाने फिरू लागले की तिच्या आतली छोटी वजने बाहेर फेकली जातात, तबकड्या एकमेकींजवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीच्या तबकड्या दूर होऊन बेल्ट तेथे खाली उतरतो. अशा रीतीने गिअर न बदलताच गाडी हळूहळू वेग घेते. मिस्त्री या पुलींना पुढचा व मागचा क्लच म्हणतात. फरक एवढाच की स्कूटरचे इंजिन आठ-दहा अश्वशक्तीचे असते आणि डोंगरी हिमगाडीचे दीडशेच्या आसपास. ही सारी ताकद एका रबरी बेल्टवरून जाते.

डोंगरी गाडीचे इंजिन साधारणतः मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक ताकद देते. चढावर पूर्ण रेस दिल्यावर काटा नेमून दिलेल्या आकड्यापर्यंत पोहोचत नसेल, तर क्लचमधली वजने त्या उंचीच्या मानाने जड आहेत, असा अंदाज बांधता येतो. ती काही ग्रॅमांनी हलकी केली की इंजिन मोकळे होते. काटा फार पुढे जात असेल तर वजने हलकी झाली आहेत, किंवा बेल्ट घसरतो आहे. हे काम सोनाराच्या तराजूचे आहे. एकेका ग्रॅमने गाडीचा स्वभाव बदलतो. उत्पादकांच्या पुस्तिकेत उंचीप्रमाणे वजने आणि स्प्रिंगा यांचा तक्ता दिलेला असतो. अनुभवी मिस्त्रीसुद्धा सुरुवात त्या तक्त्यापासूनच करतो.

बेल्ट घसरला की तापतो, आणि बेल्टची राख-धूळ तबकड्यांवर बसली की तो आणखी घसरतो. म्हणून क्लच वेळोवेळी उघडून तबकड्या स्वच्छ पुसाव्या लागतात. त्यांना तेलाचा अथवा ग्रीसचा हात लागता कामा नये. 'सगळीकडे थोडे तेल सोडले की यंत्र खूश' हा समज आपल्याकडच्या घराघरांत आहे. येथे तो महागात पडतो. बेल्ट हातात घेऊन वाकवून पाहावा. त्याला चिरा पडल्या असतील, दाते निघाले असतील, कडा चकचकीत झाल्या असतील किंवा एका जागी तो जळून अरुंद झाला असेल, तर तो बदलावा. एका जागी जळण्याचे कारण ओळखीचे आहे. ट्रॅक हिमात गोठून बसलेला असताना रेस दिली की पुढची पुली एकाच ठिकाणी बेल्ट भाजत राहते. रात्रभर बाहेर उभी असलेली गाडी सकाळी चालू करण्यापूर्वी तिचा मागचा भाग उचलून ट्रॅक सुटा केला, तर हा प्रकार टळतो.

समजा, दुपारचे तीन वाजले आहेत. चढ निम्मा झाला आहे. अचानक 'फट्' असा आवाज होतो. इंजिन मोठ्याने घुमते, पण गाडी जागची हलत नाही. याचा अर्थ बेल्ट तुटला आहे. येथे पहिले काम इंजिन बंद करण्याचे. बेल्टवरचे संरक्षक झाकण इंजिन चालू असताना कधीही उघडायचे नसते. ते झाकण तुटक्या बेल्टचे आणि क्लचचे तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणूनच असते. नंतर तुटलेल्या बेल्टचा प्रत्येक धागा वेचून काढावा लागतो. धागे पुढच्या क्लचच्या मागे गुंडाळून बसले, तर ते इंजिनाचे सील कापतात आणि शंभर रुपयांच्या बिघाडाचा दहा हजारांचा बिघाड होतो. क्लच त्या वेळी हात भाजेल एवढे तापलेले असतात, म्हणून हातमोजे घालूनच काम करावे. मागच्या पुलीच्या तबकड्या गाडीबरोबर मिळणाऱ्या हत्याराने दूर सारून नवा बेल्ट आधी एका पुलीवर, मग दुसरीवर चढवतात. बेल्टवरची अक्षरे सरळ वाचता येतील अशा बाजूने तो बसला पाहिजे. हे सारे माहीत असलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा वाटेला लागतो. ज्याच्याकडे दुसरा बेल्टच नाही, त्याच्यासमोर मात्र तीन तासांनी येणारा अंधार उभा असतो.

बेल्ट तुटण्यामागचे कारण शोधल्याशिवाय पुढे निघू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. हिम क्लचच्या कप्प्यात शिरून बेल्ट ओला झाला होता का? ट्रॅक फार ताणलेला आहे का? की इंजिन आधारांवर सरकल्यामुळे दोन्ही पुली एका रेषेत राहिलेल्या नाहीत? कारण तसेच राहिले, तर दुसरा बेल्टही तासाभरात जातो आणि तिसरा सहसा कोणाजवळ नसतो.

इंजिन चालूच होत नसेल, तर शोध तीन गोष्टींचा असतो : ठिणगी, पेट्रोल आणि दाब. प्लग काढून धातूला टेकवून दोरी ओढली की ठिणगी दिसते. अर्थात हे करताना प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलचे थेंब उडालेले नसावेत. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. कधी टाकीतल्या पेट्रोलमध्ये उतरलेले पाणी नळीत गोठून बसते, तर कधी टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्रच बर्फाने बुजते. दाबाचा अंदाज दोरी ओढतानाच येतो. एरवी जोर लावून ओढावी लागणारी दोरी एकदम हलकी लागली, तर पिस्टन किंवा त्याच्या रिंगा गेल्या असे समजावे. ते काम डोंगरात होणारे नाही. तेथून पुढचा विचार सोबत्याच्या गाडीने परतण्याचा करावा. कित्येक डोंगरी गाड्यांना वजन वाचवण्यासाठी बॅटरीच नसते, दोरी हाच त्यांचा स्टार्टर. ती दोरी मधे कुठे कुरतडल्यासारखी दिसली, तर घरीच बदलावी. बॅटरी असली तरी कडाक्याच्या थंडीत तिची शक्ती जवळपास निम्म्यावर येते, हे गृहीत धरावे.

ट्रॅकचा ताण पाहण्याचे काम घरचे आहे. गाडीचा मागचा भाग स्टॅंडवर उचलून ट्रॅकच्या मध्यावर ठरावीक वजन टांगतात आणि तो रुळापासून किती खाली येतो ते मोजतात. ताण जास्त असला तर बेअरिंगवर भार येतो आणि ताकद फुकट जाते. कमी असला तर फिरवणाऱ्या चाकाचे दाते ट्रॅकवरून निसटतात आणि खडखड आवाज येतो. मागच्या आसाच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट सारख्या मापाने फिरवून ताण बदलतात. नंतर ट्रॅक हळू फिरवून तो दोन्ही रुळांच्या मधोमध चालतो की एका बाजूला ओढतो, ते पाहतात. ट्रॅक फिरत असताना गाडीच्या मागे कोणी उभे राहू नये आणि हात आत घालू नये. त्यात अडकलेला एखादा खडा गोळीसारखा सुटतो.

साखळीच्या पेटीतले तेल काढताना खालच्या बोल्टच्या टोकाशी असलेल्या चुंबकाकडे पाहावे. त्यावर काजळीसारखा बारीक चुरा असणे स्वाभाविक आहे; धातूचे तुकडे असले तर साखळी किंवा चाक तुटत आले आहे. काही नव्या गाड्यांत साखळीऐवजी दातेरी बेल्ट असतो, तेथे तेलाचा प्रश्न येत नाही. स्कीखालच्या कठीण धातूच्या पट्ट्या, बोगीची छोटी चाके, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचे पॅड ही यादी मोटारसायकलच्या मिस्त्रीला नवी नाही. ग्रीस भरण्याचा हेतू मात्र येथे थोडा वेगळा असतो. नवे ग्रीस आत जाताना सांध्यात शिरलेले पाणी बाहेर ढकलते; ते पाणी राहिले तर रात्री गोठते आणि सांधा फाडते.

रेसची तार गोठणे हा दिसायला छोटा, पण जिवावर बेतणारा दोष आहे. तार ओढलेल्या स्थितीत अडकली तर दोरी ओढताच गाडी सुसाट निघते. म्हणून प्रत्येक वेळी इंजिन चालू करण्यापूर्वी रेसचा दट्ट्या दाबून सोडावा आणि तो झटकन परत येतो ना, ते पाहावे. इंजिन तत्काळ बंद करणारे बटण आणि स्वाराच्या अंगाला बांधायची सुरक्षादोरी यांचीही त्याच वेळी परीक्षा घ्यावी.

डोंगरात जाताना गाडीवर दुसरा बेल्ट, जादा प्लग, टू-स्ट्रोक तेल, पाने, पक्कड, तार, चिकटपट्टी, ओढण्याचा दोर आणि डोक्याला लावायचा दिवा असावा. फावडे तर हवेच. रुतलेली गाडी खणूनच काढावी लागते. हिमकडा कोसळण्याचा धोका असलेल्या भागात प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे-घेणारे यंत्र, पाठीवरच्या पिशवीत टोचून शोध घेण्याची लांब काठी आणि फावडे असतात. हिमाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तरच वाचण्याची आशा मोठी असते, त्यामुळे हे साहित्य गाडीवर बांधून ठेवलेले उपयोगाचे नाही. दुरुस्तीसाठी थांबतानाही जागा पाहून थांबावे लागते. उभ्या उताराच्या पायथ्याशी, वर हिमाचा भार लोंबत असताना बेल्ट बदलत बसणे हे धैर्य नव्हे. शक्य असेल तर गाडी झाडीच्या बाजूला किंवा टेपावर सरकवून मग हत्यारे काढावीत. एकट्याने जाणे टाळावे, हे तर उघडच आहे.

वर्षातले सात-आठ महिने हिमगाडी नुसती उभी असते, आणि तिचे बरेचसे आजार याच काळात जडतात. टाकीतले पेट्रोल शिळे होऊन चिकट राळ बनते आणि जेट किंवा इंजेक्टर बुजवते. म्हणून ते टिकवणारे द्रव्य पेट्रोलमध्ये मिसळून इंजिन काही मिनिटे चालवतात, म्हणजे ते नळ्यांतूनही पोहोचते. मग हवेच्या वाटेने खास तेलाचा फवारा आत सोडतात. सिलिंडरवर त्याचा पातळ थर बसतो आणि पावसाळी दमटपणात गंज चढत नाही. एक्झॉस्टमध्ये उघडझाप करणाऱ्या झडपांवर साचलेला चिकट कार्बन याच वेळी काढून टाकावा. बेल्ट काढून ठेवतात. मागचा भाग उचलून ट्रॅकवरचा भार उतरवतात. एक्झॉस्टच्या आणि हवेच्या तोंडात फडके कोंबून ठेवतात, कारण उंदरांना एअरबॉक्स घरट्यासाठी फार आवडतो आणि वायरीवरचे आवरण त्याहून अधिक आवडते. कोंबलेल्या फडक्याची चिठ्ठी हॅन्डलला बांधलेली असावी. पुढच्या हिवाळ्यात पहिले हिम पडताच चिठ्ठी वाचून फडके काढायचे, तेल-कूलंट पाहायचे, बेल्ट चढवायचा आणि मगच दोरी ओढायची. पहिली काही मिनिटे धूर पुष्कळ येतो. तो उन्हाळ्यात भरलेल्या तेलाचा असतो.